कर्नलचा दुसरा डोस

माझा नवरा नोव्हेंबरात मेला आणि पुढच्या एप्रिलात त्याने करोनाची लस घेतली. मेल्याचा कागद सरकारकडे नव्हता. लस घेतल्याचा होता, शिक्क्यासकट.

हसा, माझी ना नाही. नवरा दुसऱ्या कुणाचा असता तर मीही हसले असते.

आमचं आग्रिलो बेट नकाशात शोधायला गेलात तर माशी बसलीय असं समजून तुम्ही झटकाल. मोठी माणसं पंच्याऐंशी, पोरं सात, शाळा एक आणि चर्चं अकरा. नावं मात्र सगळी मिळून पंधरासुद्धा नसतील. पहिल्या मुलाला बापाच्या बापाचं नाव द्यायचं ही आमची रीत, आणि ती मोडली तर म्हातारा मरेपर्यंत सुनेशी बोलत नाही. माझ्या आजेसासऱ्यांचं नाव याकोव्होस मास्तोरिस. त्यांना चार मुलगे. म्हणजे चार घरांत चार याकोव्होस मास्तोरिस जन्माला आले. दोघे ऑस्ट्रेलियाला गेले, तेवढीच पीडा कमी. उरलेल्या दोघांतला एक माझा नवरा आणि दुसरा त्याचा चुलतभाऊ. वयात अंतर आठ महिन्यांचं.

आता भर बंदरावर "याकोव्होस" म्हणून हाक मारली तर नेमकी मान वळवायची कुणी? म्हणून टोपणनावं. माझा नवरा कर्नल. लष्करात तो स्वयंपाकी होता, तेही सक्तीची भरती होती म्हणून. पण खाली कुणी बोटीचा दोर धड बांधत नसेल तर हा आमच्या गच्चीवरून हुकूम सोडायचा. चुलतभाऊ तो खेकडा. त्याला सरळ प्रश्न विचारा, तो आडवा निघून जाणार. माझा सासरा लसूण आणि खेकड्याचा बाप पिंप. त्यांच्याही आधीपासून हे असंच चालत आलंय. खरं नाव विचारलं की आमची माणसं आधी आभाळाकडे बघतात, मग बायकोकडे.

नोव्हेंबरात एका दुपारी कर्नलच्या छातीत कळ आली. तटरक्षकांची बोट आली, त्यातून मधमाश्या धरायला निघाल्यासारखी नखशिखान्त झाकलेली चार माणसं उतरली आणि त्याला घेऊन गेली. मला बोटीत चढू दिलं नाही, माझी चाचणी झालेली नव्हती. "दोन दिवसांत परत आणून सोडतो," म्हणाले. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला मोठ्या बेटावरून फोन आला. करोना नव्हता हो. साधं हृदय बंद पडलं, पूर्वी माणसं मरायची तसं. पण पेटी मोहरबंद आली आणि दफनाला नऊ माणसांची परवानगी. घराबाहेर पडायला तेव्हा मोबाइलवरून सरकारला संदेश पाठवावा लागायचा, औषधाला एक नंबर, वाणसामानाला दोन आणि मयताला पाच. नऊ जणांनी पाच नंबर पाठवला. बाकीचं गाव आपापल्या खिडकीत उभं राहिलं. नंतरची कॉफी नाही, ब्रँडी नाही, मिठी नाही. माझ्या अंगणात मांडलेल्या खुर्च्या मी एकटीनेच परत आत नेल्या.

चाळिसाव्या दिवशीच्या स्मरणाला चर्चला कुलूप. आमचे पाद्री पापा-अनारगिरोस, त्यांनी आतल्या आत एकट्याने मंत्र म्हटले आणि मी बाहेर खिडकीखाली उभी राहून ऐकले. याला काय स्मरण म्हणायचं? आमच्याकडे गहू शिजवून, साखर घालून कोलिव्हा करतात. विधवेने तो स्वतःच्या हाताने गावाला वाढायचा, प्रत्येकाने चमचाभर खायचा आणि म्हणायचं, "देव त्याला क्षमा करो." जितकी तोंडं, तितकी क्षमा. आणि माझ्या नवऱ्याला ती भरपूर लागणार होती, कारण या बेटावर त्याने शिवी न घातलेला माणूस मला तरी माहीत नाही. मला दुसरं काही नको होतं. गावाने एकदा माझ्यासमोर उभं राहून तेवढं म्हणावं आणि मग मी मोकळी.

मृत्यूची नोंद करायचं काम स्तेर्गोसने अंगावर घेतलं होतं. स्तेर्गोस आमचा महापौर. पंच्याऐंशी माणसांचा महापौर, पण चालतो असा की मागे लाखभर तरी असावेत. त्याने मोठ्या बेटावरच्या कचेरीत फोन लावला. काय बोलणं झालं ते त्याने मला फार नंतर सांगितलं, तेही मी हातात लाटणं घेतलं तेव्हा.

"मयताचं नाव?"

"याकोव्होस मास्तोरिस."

"इथे दोन दिसतात. कुठला?"

"कर्नल."

"हुद्दा नकोय हो मला. बापाचं नाव सांगा."

"लसूण."

"काय?"

"थांबा, थांबा. म्हणजे ते... मनोलिस. हां, मनोलिसच."

माझ्या सासऱ्यांचं नाव थेओखारिस. मनोलिस म्हणजे पिंप. तिकडच्या कारकुनाने एक बटण दाबलं आणि खेकडा मेला. बिचारा त्या वेळी मागच्या धक्क्यावर बसून मऊ करायला ऑक्टोपस आपटत होता. त्याला एप्रिलपर्यंत पत्ता नव्हता.

एप्रिलात सरकारने फतवा काढला की छोट्या बेटांवरच्या सगळ्यांना एका दमात टोचायचं. ज्या बेटावर एकूणएक मोठा माणूस टोचला जाईल ते बेट सुरक्षितांच्या यादीत, आणि मे महिन्यात परदेशी पाहुणे आधी त्याच बेटांवर येणार. आरमाराच्या बोटीतून एक नर्सबाई, एक बर्फाची पेटी आणि एक कॉम्प्युटर आला. शाळेत बाकं सरकवून टोचणी सुरू झाली. माझा नंबर सकाळीच लागला होता, मी घरी येऊन दंड चोळत बसले होते. दुपारी खेकड्याची पाळी आली.

नर्सबाई म्हणाली, "हे मयत आहेत."

"कोण?"

"तुम्ही. नोव्हेंबरपासून."

"तरीच हल्ली पाय गार पडतात," खेकडा म्हणाला.

"चेष्टा नको, आजोबा. मयत माणसाला मी टोचू शकत नाही. पण याच नावाचे आणखी एक आहेत, थेओखारिसचे. ते जिवंत आहेत आणि अजून आलेले नाहीत. कुठे असतील?"

स्तेर्गोस तिथेच उभा होता. त्याला सगळा घोटाळा तिथल्या तिथे कळला. त्याने अर्धं मिनिट विचार केला म्हणे. आयुष्यात एखाद्या गोष्टीवर त्याने इतका वेळ विचार केल्याचं मला आठवत नाही. मग खेकड्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "हेच ते. बाई, तुम्ही मघाशी चुकीच्या ओळीवर बोट ठेवलंत."

तीन आठवड्यांनी दुसरा डोस झाला. त्या संध्याकाळी खेकडा माझ्या दारात येऊन टोपी चुरगाळत उभा राहिला.

"वहिनी, एक सांगायचं होतं. म्हणजे सांगायचं असं काही नाही. आज वारा बरा आहे, नाही?"

"भडाभडा बोल, मेल्या. मला भांडी घासायचीत."

त्याने खिशातून कागद काढला. त्यावर माझ्या नवऱ्याचं नाव, माझ्या सासऱ्याचं नाव आणि खाली लिहिलेलं, दोन्ही डोस पूर्ण, प्रकृती उत्तम. मी तो कागद तीनदा वाचला. चौथ्यांदा मला अक्षरंच दिसेनात.

मी तशीच ओल्या हातांनी स्तेर्गोसकडे गेले. "दाखला बदल," म्हटलं. "आत्ताच्या आत्ता बदल. माझा नवरा मेलाय."

"काकू, मला माहीत नाही का? पेटीला खांदा दिलाय मी. पण आता ते बदलायला वकील लागतो, कोर्ट लागतं. तीन महिने कुठे गेले नाहीत. तोवर यादीत आपण शंभर टक्के राहणार नाही आणि पाहुण्यांचं जहाज पलीकडच्या बेटावर जाईल. तुमच्याही तीन खोल्या आहेत ना भाड्याच्या?"

"खोल्यांना आग लागो. खोटं लिहिलंयस तू."

"खोटं काय त्यात? माणसं पंच्याऐंशी, टोचलेले दंड पंच्याऐंशी. कुणाला रोग आहे का? नाही. फक्त नाव इकडचं तिकडे झालंय. आणि नाव तर दोघांचं एकच होतं."

मी त्याच्या टेबलावरच्या कागदांना ओले हात पुसले आणि घरी आले.

मेच्या शेवटच्या रविवारी कर्नलला जाऊन सहा महिने होत होते, तेव्हाही आमच्यात स्मरण घालतात. निर्बंध उठले होते, चर्च उघडलं होतं, अंगणात माणसं जमली तरी कुणी दंड करणार नव्हतं. मी पापा-अनारगिरोसांकडे गेले. ते चर्चमागच्या त्यांच्या भाड्याच्या चार खोल्यांना निळा रंग लावत होते, दाढीलाही थोडा लागला होता.

"पापा, रविवारी कर्नलचं स्मरण. मी कोलिव्हा करते."

त्यांनी ब्रश डब्यात ठेवला. "सेवास्ती, जरा अवघड आहे. सरकारदरबारी तो जिवंत आहे. जिवंत माणसाचं स्मरण घालणं पाप आहे."

"तुम्हीच पुरलात त्याला! माती टाकली की तुम्ही!"

"हो, हो, ते आहेच. पण रविवारी अथेन्सहून मंत्रालयातले सचिव येतायत. टीव्हीवाले येतायत. पहिलं जहाज येतंय. त्याच दिवशी चर्चमध्ये मयताची घंटा वाजली तर लोक काय म्हणतील? ऑक्टोबरमध्ये करू की. छान निवांत करू. तो काही पळून जात नाही."

त्या दिवशी मला कळलं की आपल्या गावात माणसाने हंगाम बघून मरावं. रस्त्यात सगळ्यांनी मला तेच ऐकवलं, कुणी गोड बोलून, कुणी नजर चुकवून. दीड वर्ष पाहुण्यांचं जहाज आलं नव्हतं, हे मलाही कळत होतं. पण ज्या बाईला मी तिच्या बाळंतपणात महिनाभर सूप पाजलं, तीही म्हणाली, "सप्टेंबरपर्यंत कळ काढ ना गं. कर्नलला काय फरक पडतो?" कर्नलला नाही पडत, बये. मला पडतो.

गावात लगबग तर अशी की कुणाचं लग्न आहे असं वाटावं. भिंतींना चुना, दारांना निळा, मांजरांना अंघोळ. बायकांना घराच्या पायरीवर बसून शेंगा सोलायला सांगितलं होतं, जहाज दिसेपर्यंत सोलायच्या नाहीत. आमचं गाढव दोन वर्षांपूर्वी मेलं होतं, त्यामुळे पलीकडच्या बेटावरून एक गाढव आठवड्याच्या बोलीवर आणलं. ते उतरल्या उतरल्या पाटी चावायला लागलं. पाटीवर लिहिलं होतं, "आग्रिलो, शंभर टक्के सुरक्षित."

गुरुवारी स्तेर्गोस माझ्याकडे आला. हातात मिठाईचा पुडा होता, म्हणजे काहीतरी मागणार हे नक्की.

"काकू, टीव्हीवाल्यांना एक म्हातारं जोडपं हवंय. बेटावर सगळ्यात शेवटी ज्याने लस घेतली त्याचा सत्कार आहे. सचिव स्वतः चौकटीतलं मानपत्र देणार आहेत, नाव घालून. शेवटचा डोस झालाय तो... म्हणजे यादीत... तुमच्या यांचा."

"माझे हे वर झोपलेत. जा, देऊन ये चौकट."

"खेकडा घेईल ती. तुम्ही फक्त शेजारी उभं राहायचं. बोलायचं काही नाही. आणि कर्नलचा तो काळा कोट असेल तर खेकड्याला घालायला..."

त्याने कोटाचं नाव काढलं. त्याच्या टाळक्यात काय घालावं म्हणून मी इकडेतिकडे बघितलं. मग एकाएकी सगळं शांत झालं. डोक्यात गहू शिजायला लागला होता.

"कोट देणार नाही," मी म्हटलं. "पण येईन. उभी राहीन त्याच्या शेजारी. पाहुण्यांसाठी काही गोडधोड करून आणू का?"

स्तेर्गोसचे डोळे भरून आले. "काकू, तुम्ही म्हणजे सोनं आहात!"

"ते तू रविवारी ठरव."

शनिवारी मी तीन किलो गहू शिजवला. फडक्यावर पसरून कोरडा केला. बेदाणे, तीळ, बदाम, दालचिनी आणि वर पिठीसाखरेचा दाबून थर. पांढऱ्या साखरेवर चंदेरी गोळ्यांनी मधोमध क्रूस काढला आणि त्याखाली नवऱ्याची दोन आद्याक्षरं. दुसरं अक्षर जरा तिरकं आलं. कर्नल असता तर ओरडला असता.

रविवारी अकराला जहाज लागलं. पन्नासेक पाहुणे उतरले, जर्मनीचे, हॉलंडचे, पांढरे फटक पडलेले, दीड वर्ष तळघरात ठेवलेल्या बटाट्यासारखे. उतरल्या उतरल्या एकाने मुखपट्टी काढून मोठा श्वास घेतला आणि म्हणाला, "स्वातंत्र्य!" तो गाढवाशेजारी उभा होता, त्यामुळे त्याने पट्टी पुन्हा चढवली. बायकांनी शेंगा सोलायला सुरुवात केली. स्तेर्गोसचं भाषण झालं. त्यात "शंभर टक्के" नऊ वेळा आलं, मी मोजलं.

मग सचिव पुढे झाले. रणरणत्या उन्हात निळा सूट घातलेला, पन्नाशीचा, कपाळावर घाम. त्यांनी चौकटीवरचं नाव मोठ्याने वाचलं. "याकोव्होस मास्तोरिस, थेओखारिस यांचे सुपुत्र!" गावाने टाळ्या वाजवल्या. वाजवल्या हो, सगळ्यांनी वाजवल्या. स्वतःच्या घट्ट कोटात कोंबलेला खेकडा पुढे गेला, सचिवांनी त्याच्या कोपराला कोपर लावलं आणि चौकट त्याच्या हातात दिली. मी शेजारी उभी होते, हातात फडक्याने झाकलेलं मोठं ताट.

टीव्हीच्या पोरीने माइक पुढे केला. "आजोबा, कसं वाटतंय आज?"

"आज?" खेकडा म्हणाला. "आज रविवार."

"आणि आजी, तुम्ही काय खास आणलंय आमच्यासाठी?"

मी फडकं काढलं.

परदेशी लोक "आहा" म्हणाले, कारण दिसायला ते सुरेखच होतं. ते ताट ओळखायला आमच्यात शाळेत जावं लागत नाही. शेंगा सोलणाऱ्या बायका उभ्या राहिल्या. कुणीतरी टोपी काढली. टीव्हीच्या पोरीचं तोंड उघडं राहिलं. कॅमेरा चालू होता.

मी पहिला चमचा सचिवांपुढे धरला. "घ्या साहेब."

मयताच्या गव्हाला आमच्यात कुणी नाही म्हणत नाही, मग तो मंत्रालयातला असो की आणखी कुठला. त्यांनी मुखपट्टी खाली ओढली, माझ्याकडे वाकले आणि ओठ न हलवता विचारलं, "कुणाचा?"

"याकोव्होस मास्तोरिस, थेओखारिसचा मुलगा. आज सहा महिने झाले. माझा नवरा."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग खेकड्याच्या हातातल्या चौकटीकडे, मग स्तेर्गोसकडे. स्तेर्गोस समुद्राकडे बघत होता. सचिवांच्या चेहऱ्याचा रंग उतरला. मला वाटलं, आता हा ताट उडवतो की काय. पण त्यालाही कुणी आई असेल, तिनेही कधी असं ताट धरलं असेल. त्याने चमचा तोंडात घातला, क्रूसाची खूण केली आणि हळूच पण स्पष्ट म्हणाला, "देव त्याला क्षमा करो."

"स्तेर्गोस," मी हाक मारली, "ये बाळा. लाजू नकोस."

तो आला. खाल्लं, म्हणाला. मग पापा-अनारगिरोस आले, मान खाली घालून.

"बघा हं, पापा," मी म्हटलं, "पाप लागेल."

"लागू दे, सेवास्ती," ते म्हणाले, आणि खरंच वाईट वाटल्यासारखं म्हणाले. मग एकेक करत सगळं गाव आलं. आपसूक रांग लागली. सूपवाली आली, तिच्याने तर गिळवेना. प्रत्येकाच्या तोंडून मी ते शब्द ऐकले. घाई केली नाही. एकाने पुटपुटलं तर म्हटलं, "मोठ्याने. मला कमी ऐकू येतं." मला मांजरासारखं ऐकू येतं, हे सगळ्यांना ठाऊक आहे.

गावाच्या मागे पाहुण्यांनीही रांग लावली. त्यांना वाटलं, ही इथली स्वागताची पद्धत. हॉलंडची एक बाई होती, मारैके, पिवळी हॅट घातलेली. तिने टाळेबंदीत फोनवरून आमची भाषा शिकली होती. "हे खाताना काय म्हणतात?" तिने विचारलं. मी सांगितलं. तिने ते बरोबर म्हटलं आणि मागे वळून बाकीच्यांनाही शिकवलं. पन्नास गोऱ्या तोंडांतून माझ्या नवऱ्यासाठी क्षमा निघाली, वाकड्यातिकड्या उच्चारांची. मी एकही परत केली नाही.

शेवटी उरला खेकडा. चौकट छातीशी धरून तो तसाच उभा होता. मी चमचा भरून पुढे केला.

"घे. कागदावर तर यातला अर्धा तुझाच आहे."

त्याने चौकट जमिनीवर पालथी ठेवली. गहू खाल्ला. मग टीव्हीच्या पोरीच्या हातातला माइक घेतला, त्याला तो धरता येईना, त्याने तो मक्याच्या कणसासारखा धरला.

"कर्नल मेला," तो म्हणाला. "नोव्हेंबरात. आम्ही नऊ जणांनी त्याला पुरलं आणि हात धुऊन घरी गेलो. त्याची बायको एकटी खुर्च्या उचलत होती, ते मी खिडकीतून बघितलं. गेलो नाही. भ्यालो. मी कर्नल नाही. मी खेकडा आहे. देव त्याला क्षमा करो आणि मलाही."

मी त्याला मारणार होते. त्याने तो कागद दाखवला तेव्हापासून मनात धरून ठेवलं होतं की एक सणसणीत द्यायची. प्रत्यक्षात त्याच्या घट्ट कोटावर डोकं टेकून मी भोकाड पसरलं. धक्क्यावर, सचिवांसमोर, गाढवासमोर. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. इकडची माणसं किती मोकळी असतात, असं कुणीतरी म्हणालं असावं.

संध्याकाळच्या बातम्यांत आम्ही दिसलो. माझं ताट दिसलं, खाली लिहिलं होतं, "सुरक्षित बेटावर पारंपरिक मिठाईने स्वागत." खेकड्याचं अर्धं वाक्य ठेवलं होतं आणि निवेदिका सांगत होती की वयोवृद्ध मच्छीमाराने 'कर्नल' या आपल्या बुडालेल्या बोटीच्या आठवणी जागवल्या.

पण सचिव घाबरले होते. ज्या कामाला वकील, कोर्ट आणि तीन महिने लागणार होते, ते चार दिवसांत झालं. गुरुवारच्या बोटीने माझ्या नवऱ्याचा मृत्यूचा दाखला आला, बापाचं नाव थेओखारिस, तारीख बरोबर. मी तो ट्रंकेत घातला. त्याच कागदाने खेकडा जिवंत झाला आणि सरकारी हिशेबात लस न घेतलेला ठरला, म्हणजे बेट शंभर टक्के राहिलं नाही. यादी मात्र छापून झाली होती, आणि छापलेली यादी पुन्हा कोण मोजतो?

त्या आठवड्यात गावाची जी गंमत झाली ती मी विसरणार नाही. पाहुण्यांची समजूत झाली होती की ते शब्द म्हणजे आमचं सुप्रभात. सकाळी बेकरीत शिरले की हसून "देव त्याला क्षमा करो!" पोहून आले की "देव त्याला क्षमा करो!" स्तेर्गोस कचेरीचं दार उघडायचा आणि समोरून आठ जण हात हलवत तेच म्हणायचे. त्याने मागच्या गल्लीने जायला सुरुवात केली. गावातल्या कुणाचीही त्यांना खरं सांगायची हिंमत झाली नाही, आणि माझी इच्छा झाली नाही. कर्नलला जन्मात कुणी इतकं चांगलं बोललं नव्हतं.

मारैके माझ्याच खोलीत उतरली होती. जायच्या आदल्या सकाळी ती गच्चीवर माझ्याकडे आली. तिचा नवरा पलीकडे खुर्चीत पाय पसरून वर्तमानपत्र वाचत होता, पायांचे तळवे उन्हाने लालभडक.

"सेवास्तीबाई, ते गव्हाचं ताट," ती म्हणाली. "इतकं छान! पुढच्या वर्षी आम्ही परत येऊ तेव्हा माझ्या नवऱ्यासाठी कराल का? वर त्याची अक्षरं घालून?"

मी तिच्याकडे बघितलं. चांगली बाई होती. रोज स्वतःचं अंथरूण आवरायची.

"तुझ्या नवऱ्यासाठी?" मी म्हटलं. "करीन की. वेळ आली की करीन."

"हो ना! किती दिवस आधी सांगावं लागतं?"

तिचा नवरा पान उलटत होता. उन्हात त्याने डोळे बारीक केले आणि बायकोकडे बघून हात हलवला. तिनेही हलवला.

"काय सांगू, बाई," मी म्हटलं. "मला तर कुणी एक दिवससुद्धा आधी सांगितलं नव्हतं."